दात काढावयाचा आहे. गोळी बंद करावी काय?

व्यापार म्हटला की जोखीम आलीच. कापसाचा भाव उद्या चढेल की उतरेल, केळीची गाडी उत्तरेकडील बाजारात वेळेवर पोहोचेल की माल वाटेतच काळा पडेल, यंत्रमागाचे कापड उधारीवर द्यावे की रोखीने, याचा विचार बुऱ्हाणपूरच्या पेढीवर बसणारा प्रत्येक गृहस्थ नित्य करीत असतो. दोन जोखमींपैकी एक पत्करल्यावाचून सौदा होत नाही. त्यांतील कोणती जोखीम भरून निघणारी आणि कोणती कधीच न भरून निघणारी, हे ओळखण्यासच आपण व्यवहारज्ञान म्हणतो. परंतु जे व्यवहारज्ञान आपण मालाच्या बाबतीत वापरतो, तेच स्वतःच्या देहाच्या बाबतीत वापरतोच असे मात्र नाही.

याचे एक उदाहरण आज घरोघर आढळते. घरातील वडीलधाऱ्या माणसास हृदयविकार झालेला असतो. कोणाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला असतो, कोणाच्या हृदयात कृत्रिम झडप असते, कोणाची नाडी अनियमित चालते, कोणास पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेलेला असतो. अशा व्यक्तीस डॉक्टर ‘रक्त पातळ करणारी’ गोळी नेमून देतात. पुढे केव्हा तरी दाढ दुखू लागते, ती काढावी लागणार असे ठरते, आणि मग घरात एकच चर्चा सुरू होते : गोळी चालू आहे, दात काढला तर रक्त थांबायचे नाही, चार दिवस गोळी बंद ठेवा! हा सल्ला शेजारी देतात, नातलग देतात, आणि रुग्ण डॉक्टरांस न विचारता तो अमलातही आणतो.

या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. दाताच्या खोबणीतून वाहणारे रक्त डोळ्यांस दिसते, बोटाने दाबता येते, टाका घालून थांबविता येते. मेंदूत किंवा हृदयाच्या झडपेवर बसलेली रक्ताची गुठळी दिसत नाही आणि दाबताही येत नाही. पहिली जोखीम भरून निघणारी आहे, दुसरी बहुधा नाही. यास्तव दात काढण्यासाठी ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. हे असे का, आणि गोळी चालू असताना रक्त थांबवितात तरी कसे, याचा विचार आता क्रमाने करू.

या गोळ्या म्हणजे काय?

‘रक्त पातळ करणारी’ हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी नेमका नव्हे. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. ते गोठण्यास लागणारा वेळ तेवढा वाढतो. आपल्या शरीरात जखम झाली म्हणजे प्रथम रक्तातील बिंबिका, ज्यांस डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्या जखमेच्या तोंडाशी एकमेकींस चिकटून कच्चा बांध घालतात. नंतर रक्तातील निरनिराळी प्रथिने एकामागून एक जागृत होऊन तंतूंचे जाळे विणतात आणि तो बांध पक्का होतो. औषधांचे प्रकारही यावरूनच पडतात.

पहिला प्रकार अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांचा. ही औषधे बिंबिकांना चिकटू देत नाहीत. ज्या बिंबिकेवर औषधाचा परिणाम झाला ती मरेपर्यंत तशीच राहते, आणि तिचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. म्हणूनच आदल्या दिवशी अॅस्पिरिन न घेतल्याने दंतवैद्याचे काम काडीमात्र सोपे होत नाही.

दुसरा प्रकार वॉरफरिन आणि एसेनोकूमॅरॉल यांचा. रक्त गोठविणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यांस ‘के’ जीवनसत्त्व लागते. ही औषधे त्या जीवनसत्त्वाचे काम अडवितात. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णांस हाच प्रकार आयुष्यभर घ्यावा लागतो. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झालेली कृत्रिम झडप १९९० च्या डिसेंबरात प्रथम एका रुग्णास बसविण्यात आली. त्यानंतर बालपणीच्या संधिवाती तापाने हृदयाची झडप निकामी झालेल्या पुष्कळ देशबांधवांस तिचा लाभ झाला. परंतु झडप कितीही उत्तम असली तरी तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून गोळी ही हवीच.

तिसरा प्रकार २०१० नंतर प्रचारात आलेल्या डॅबिगॅट्रान, रिव्हॅरोक्सॅबान, एपिक्सॅबान या औषधांचा. ती रक्त गोठविणाऱ्या एखाद्या प्रथिनावरच थेट घाव घालतात, लवकर परिणाम करतात, आणि मूत्रपिंडे ठीक असल्यास त्यांचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो.

कुजक्या गवताची आणि च्युइंग गमची कथा

वॉरफरिनचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा आणि कॅनडातील अल्बर्टा या भागांत गुरे अचानक रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे छाटण्यासारख्या किरकोळ जखमेनेही जनावर दगावे. शोधान्ती असे आढळले की, ओलसर राहून बुरसलेले स्वीट क्लोव्हर नावाचे चारा-गवत खाल्ल्याने हे घडत होते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी ऐन हिमवादळात मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि तो चारा गाडीत घालून मॅडिसन येथील विद्यापीठात येऊन पोहोचला. तेथील कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे सहा वर्षे खपून चाऱ्यातील ते द्रव्य वेगळे काढले. त्यापासूनच वॉरफरिन निर्माण झाले. १९४८ साली ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले. १९५४ साली मनुष्यास देण्यास त्यास मान्यता मिळाली, आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. जे द्रव्य जीव घेई तेच मात्रेत घेतले असता जीव राखू लागले. मात्रा हे या औषधाचे मर्म आहे, आणि ते हलक्या हाताने हाताळण्याजोगे नाही, हेही या कथेवरून ध्यानी येईल.

अॅस्पिरिनची कथा तर मुखाशीच निगडित आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन हे डॉक्टर घशातील गाठी काढलेल्या रुग्णांस वेदना कमी व्हावी म्हणून अॅस्पिरिनयुक्त च्युइंग गम चघळावयास देत. जे रुग्ण तो अधिक चघळत त्यांच्या जखमेतून रक्त अधिक वाहते, असे त्यांच्या ध्यानात आले. जे औषध जखमेतील रक्त गोठू देत नाही ते हृदयातील रक्तही साकळू देणार नाही, असा तर्क करून १९५० च्या सुमारास त्यांनी अॅस्पिरिनचा हृदयविकारावरील उपयोग लिहून प्रसिद्ध केला. पुढे १९७१ साली जॉन व्हेन यांनी अॅस्पिरिनच्या कार्याचा उलगडा केला, आणि या कार्याबद्दल १९८२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, मुखातील रक्तस्राव आणि हृदयाचे रक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

दाताचीच जखम वेगळी का?

हातास कापले तर आपण पट्टी घट्ट बांधतो आणि काम भागते. दाताची खोबण म्हणजे हाडातील खळगा. तिच्या भिंती टणक असल्याने त्या आपोआप मिटत नाहीत. तिच्यावर पट्टी बांधता येत नाही. जीभ सारखी तेथे जाते, घास तेथे लागतो. शिवाय लाळेत गुठळी विरघळविणारी द्रव्ये असतात, त्यामुळे नुकतीच जमलेली गुठळी पुन्हा सुटू शकते. दात काढण्यापूर्वी बधिर करण्यासाठी जे इंजेक्शन देतात त्यात बहुधा अॅड्रिनॅलिन असते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि खुर्चीवर असताना रक्त कमी दिसते. दोन-तीन तासांनी त्याचा परिणाम ओसरला म्हणजे थांबलेले रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. आठवडाभराने खोबणीत जंतुसंसर्ग झाला तरीही रक्त येते.

या तिन्ही वेळा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. विशेषतः नेपानगर, शाहपूर, खकनार किंवा सीमेपलीकडील रावेर येथून बुऱ्हाणपुरास दात काढावयास येणाऱ्या आणि अशा गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने, दात निघाला की लगेच परतीची बस धरू नये. दोन-तीन तास गावातच नातलगांकडे किंवा दवाखान्याच्या आसपास थांबावे. रात्री दहा वाजता खेड्यात रक्त सुरू झाले तर त्यात धोक्यापेक्षा घबराटच अधिक असते. पण घबराटीत माणूस नको ते करून बसतो.

जमा आणि नावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोळी बंद केल्याने लाभ काय आणि तोटा काय?

वॉरफरिन बंद केल्यावर त्याचा परिणाम जाण्यास चार-पाच दिवस लागतात, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो पूर्ववत् येण्यास तितकेच किंवा अधिक दिवस लागतात. म्हणजे ‘दोन दिवस’ म्हणून केलेली सुट्टी प्रत्यक्षात आठवडाभराची होते, आणि तेवढा काळ झडप किंवा अनियमित चालणारे हृदय निराधार राहते. स्टेंटच्या बाबतीत हा धोका अधिकच तीव्र. बसविल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दोन्ही गोळ्या एकाएकी बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. या कारणास्तव अमेरिकेतील हृदयरोग आणि दंतवैद्यक या दोन्ही क्षेत्रांतील संस्थांनी २००७ साली एकत्र येऊन असा इशारा दिला की, दाताच्या कामासाठी या गोळ्या मुदतीआधी बंद करू नयेत. काम थांबण्याजोगे असेल तर कामच पुढे ढकलावे.

अमेरिकेतील दंतवैद्य मायकेल वाल यांनी १९९८ साली तोवरच्या वैद्यकीय वाङ्मयातून या प्रश्नाचा हिशेबच मांडला. गोळी चालू ठेवून दात काढलेल्या शेकडो रुग्णांपैकी केवळ बारा जणांस जागच्या जागी करावयाच्या उपायांपलीकडील उपचार लागले. उलट गोळी थांबविलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी पाच जणांस गुठळीचा गंभीर विकार झाला, आणि त्यांपैकी चौघे दगावले. संख्या लहान दिसतात, परंतु जमेच्या बाजूस थोडे अधिक रक्त आणि नाव्याच्या बाजूस माणसाचा प्राण असा तो ताळेबंद आहे. कोणता मुनीम असला सौदा शहाणपणाचा म्हणेल?

स्कॉटलंडमधील दंतवैद्यकाच्या मार्गदर्शक मंडळाने २०१५ साली आणि पुन्हा २०२२ साली दंतवैद्यांसाठी जे नियम प्रसिद्ध केले त्यांचाही रोख हाच आहे. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाचा ‘आय. एन. आर.’ हा आकडा ४ च्या खाली असेल तर गोळी न थांबविता दात काढावा, असे ते सांगतात.

हा आय. एन. आर. म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांस चटकन कळेल. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने येण्यापूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेरास मिळत नसे, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. रक्त गोठण्याच्या तपासणीचेही तसेच होते. ज्या प्रयोगशाळेचे रसायन वेगळे तिचा निकाल वेगळा. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांस समान असे माप ठरविले. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा सुमारे १ असतो. अनियमित हृदयगतीच्या रुग्णाचा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात, काही कृत्रिम झडपांसाठी त्याहून किंचित वर ठेवतात. हा आकडा दात काढण्यापूर्वी चोवीस तासांच्या आत पाहिलेला असावा. ज्यांचा आकडा नेहमी स्थिर असतो त्यांच्या बाबतीत बहात्तर तासांपर्यंतचा चालतो. मागील महिन्याचा कागद दाखवून भागत नाही. आकडा ४ किंवा अधिक आला तर दात काढणे पुढे ढकलून प्रथम गोळीची मात्रा डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावी.

तिसऱ्या प्रकारच्या नव्या औषधांस हा आकडा लागू नाही. तेथे एखादा सोपा दात असेल तर औषध तसेच चालू ठेवतात. काम मोठे असेल तर दिवसातून दोनदा घ्यावयाच्या गोळीपैकी त्या सकाळची तेवढी चुकवावयास किंवा एकदाच घ्यावयाची गोळी रक्त थांबल्यावर काही तासांनी घ्यावयास सांगतात. पण हे सांगावयाचे कोणी? रुग्णाच्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्याने मिळून. रुग्णाने वा त्याच्या पुतण्याने नव्हे.

रक्त थांबवितात कसे?

चांगला दंतवैद्य रक्त थांबविण्याची तयारी दात काढण्यापूर्वीच करतो. तो रुग्णास सकाळची आणि शक्यतो आठवड्याच्या आरंभीची वेळ देतो, म्हणजे रक्त पुन्हा आले तर दिवसाउजेडी आणि दवाखाना उघडा असताना पाहता येते. अनेक दात काढावयाचे असतील तर तो एकाच बैठकीत सर्व काढीत नाही; प्रथम एक काढून रक्त कसे वागते ते पाहतो. हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी दात साफ करून सूज उतरवितो, कारण सुजलेली हिरडी अधिक वाहते. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णास हृदयाच्या आतील आवरणाचा जंतुदोष होऊ नये म्हणून दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास प्रतिजैविक औषधही द्यावे लागते. म्हणून झडपेची गोष्ट दंतवैद्यापासून कधीही लपवू नये.

दात निघाल्यावर खोबणीतील सुजट मांस खरवडून काढतात, खोबणीच्या भिंती बोटांनी दाबतात, विरघळणारी रक्तस्तंभक जाळी आत ठेवतात आणि हिरडीच्या दोन्ही कडा टाक्यांनी जवळ आणतात. त्यावर गॉजची घडी ठेवून रुग्णास वीस ते तीस मिनिटे दात घट्ट मिटून बसावयास सांगतात. या दाबाइतके मोठे औषध दुसरे नाही. दर दोन मिनिटांनी घडी काढून ‘थांबले काय?’ असे पाहणे म्हणजे बी पेरून रोज उकरून पाहण्यासारखे आहे.

लाळ गुठळी विरघळविते असे वर म्हटले. त्यावरील उपाय जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोतो यांच्या संशोधनातून १९६२ साली जगापुढे आला. त्याचे नाव ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. गुठळी विरघळण्याची क्रिया ते अडविते. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९८९ साली असे दाखविले की, गोळी चालू असलेल्या रुग्णांनी मुखातील शस्त्रक्रियेनंतर या औषधाच्या सुमारे पाच टक्के द्रावाने तोंड भिजविले तर रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. दंतवैद्य गॉजची घडी या द्रावात भिजवूनही देतात. ते हलकेच तोंडात धरून सोडावयाचे असते. खळखळून चूळ भरावयाची नसते.

घरी आल्यावर

पहिले चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. या तिन्हींनी गुठळी निघून येते. गरम चहा, कढत दूध टाळावे. पाणी उकळून पिणाऱ्यांनी ते पूर्ण निवाल्यावरच प्यावे. बुऱ्हाणपूरचा दराबा मऊ खरा, पण तो आणि मावा-जलेबी दोन दिवस थांबू शकतात. त्याऐवजी थंड दहीभात, मऊ खिचडी घ्यावी. तंबाखू, विडी आणि सुपारी यांचे नाव काढू नये. खोबणीत हळद, तुरटी, राख किंवा लवंगेची पूड भरू नये. त्याने रक्त थांबत नाही आणि जंतूंस मात्र घर मिळते. डोके उंचावर ठेवून निजावे.

पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणे स्वाभाविक आहे. थेंबभर रक्त पुष्कळ लाळेत मिसळले की माणसास वाटते, वाटीभर रक्त गेले. पण तोंड ताज्या लाल रक्ताने भरू लागले किंवा खोबणीवर यकृतासारखा मऊ गोळा जमला, तर तो स्वच्छ गॉजने पुसून काढावा आणि नवी ओली घडी ठेवून अर्धा तास घड्याळ लावून दाबावी. त्यानेही थांबले नाही तर दंतवैद्याकडे, आणि रात्र असेल तर जिल्हा रुग्णालयात जावे, आणि जाताना गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

दुखण्यावरील औषधाबद्दल एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके रक्तस्राव वाढवितात. या रुग्णांस पॅरासिटामॉलच योग्य, आणि तेही सांगितलेल्या मात्रेत. दातातील पुवासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल आणि तोंडातील बुरशीवरील मायकोनॅझोलचे जेल ही औषधे वॉरफरिनचा परिणाम पुष्कळ वाढवितात. दात काढल्यावर चार-पाच दिवसांनी अकारण रक्त येऊ लागण्यामागे कित्येकदा हीच कारणे असतात. औषधांच्या दुकानातून ‘दाढदुखीची गोळी द्या’ असे म्हणून घेतलेली पुडी या रुग्णांनी कधीही खाऊ नये.

आपल्या आचारधर्मास अनुसरून

आता जे लिहितो ते आपल्या समाजापुरते आहे, आणि डॉक्टर बहुधा ते आपणहून विचारीत नाहीत.

चातुर्मासात आणि पर्वतिथीस आपल्यातील पुष्कळ घरे हिरव्या पालेभाज्या वर्ज्य करतात. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी यांत ‘के’ जीवनसत्त्व असते. वर्षभर मेथी-पालक खाणाऱ्याने त्या एकाएकी बंद केल्या तर वॉरफरिनची तीच मात्रा अधिक जोराने लागू पडते आणि आय. एन. आर. चढू शकतो. चातुर्मास संपून त्या पुन्हा सुरू झाल्या की उलट घडते. म्हणून चातुर्मासाच्या आरंभी आणि अखेरीस हा आकडा तपासून घ्यावा, आणि या काळात दात काढावयाचा असेल तर जुन्या कागदावर मुळीच विसंबू नये. पालेभाज्या सोडू नयेत असे आमचे म्हणणे नाही. व्रत आणि तपासणी यांचा विरोध नाही.

उपवास, एकासणे, अठाई यांतही विचार हवा. अनेक दिवसांच्या उपवासात आहारातील ‘के’ जीवनसत्त्व थांबते. रिव्हॅरोक्सॅबानची नेहमीची मात्रा अन्नासह घ्यावयाची असते. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. ज्यांचे चौविहाराचे पच्चक्खाण असते त्यांस सायंकाळची गोळी सूर्यास्तापूर्वीच्या ठरावीक वेळेस बसवून घेता येते. व्रत स्वीकारण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, गुरुमहाराजांसही प्रकृतीची कल्पना द्यावी. दात काढण्याचा दिवस मात्र पर्युषणाच्या तपश्चर्येत कधीही ठेवू नये, कारण त्या दिवशी पाणी, मऊ अन्न आणि औषध तिन्ही वेळेवर जाणे अवश्य असते.

तिसरी गोष्ट वस्तूंची. खोबणीत ठेवण्याची जिलेटिनची स्पंजासारखी जाळी प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून बनते. कोलॅजेनच्या वस्तूही प्राणिजन्यच. टाक्यांचा जुना ‘कॅटगट’ धागा जनावरांच्या आतड्यांचा, तर रेशमी धागा कोशेट्याचा. वॉरफरिन बंद करून काही दिवस हेपॅरिनची इंजेक्शने द्यावीत असे कोणी सुचविले तर तेही डुकराच्या आतड्यांपासून मिळते, हे ठाऊक असावे. यांस पर्याय आहेत. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज नावाची रक्तस्तंभक जाळी वनस्पतिजन्य आहे. कापूस किंवा लाकडाचा लगदा हेच तिचे मूळ. कापसाच्या व्यापारावर जगलेल्या आपल्या गावास याचे कौतुक वाटावे. टाक्यांसाठी कृत्रिम धागेही मिळतात. मात्र ही पसंती खुर्चीवर बसण्यापूर्वी, शांतपणे आणि स्पष्टपणे सांगावी, म्हणजे दंतवैद्य वस्तू मागवून ठेवू शकतो. ऐन रक्तस्रावाच्या वेळी हा वाद घालणे उचित नव्हे. तेव्हा प्राणरक्षणच प्रथम.

कोणी सोपा समजू नये

आम्ही वर जे लिहिले त्याचा अर्थ सर्वांनी निश्चिंत होऊन कोठेही दात काढावा असा मात्र नव्हे. ज्यांस दोन-तीन निरनिराळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकदम चालू आहेत, ज्यांचे यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेले आहे, ज्यांचा आय. एन. आर. सारखा वरखाली होतो, ज्यांस नुकताच झटका येऊन गेला किंवा स्टेंट बसला, त्यांचे दात रुग्णालयाची सोय असलेल्या ठिकाणीच काढावेत. इंदूरचे १९६१ साली स्थापन झालेले शासकीय दंत महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालय अशांसाठी आहे. तसेच गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळता येईनासे झाले, तर ‘गोळी चालू आहे’ म्हणून घरी बसून राहणे हाही मोठाच धोका आहे. दातातील पू गळ्याकडे उतरला तर तो रक्तापेक्षा लवकर जीव घेतो.

आणि मूळचा उपाय तर सर्वांत स्वस्त आहे. ज्यास हृदयाची गोळी सुरू होणार आहे, किंवा ज्याच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्याने तत्पूर्वीच दात तपासून घ्यावेत. किडके दात तेव्हाच भरून किंवा काढून घ्यावेत. गोळी सुरू झाल्यावर दर सहा महिन्यांनी दंतवैद्यास दात दाखवावेत. ‘हिरडीतून रक्त येते’ म्हणून ब्रश सोडून देणारे पुष्कळ असतात. मऊ ब्रशाने रोज दोनदा दात घासणे हाच त्या रक्तावरचा उपाय आहे.

शेवटी संघाच्या सभासदांस एक सूचना. प्रत्येक पेढीवर मालाच्या विम्याचे कागद जपून ठेवलेले असतात. तसाच एक लहानसा कागद, ज्यांस ही गोळी चालू आहे त्यांच्या खिशात आणि घरच्या औषधांच्या डब्यात असावा. त्यावर गोळीचे नाव व मात्रा, ती कशासाठी आहे, झडप किंवा स्टेंट केव्हा बसला, मागील तपासणीचा आकडा व तारीख, आणि डॉक्टरांचा दूरध्वनी एवढे लिहावे. दंतवैद्याच्या दारात पाऊल टाकताच तो कागद पुढे करावा आणि गोळीसंबंधीचा निर्णय त्या दोघा डॉक्टरांवर सोपवावा. ही स्मरणिका हाती आलेल्या दिवशीच घरातील एखाद्या मुलाने किंवा सुनेने तो लिहून वडिलांच्या खिशात ठेवला, तर आमचे हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.